प्रसूतिकाळातील रक्तशर्करानियमन

प्रसूतिकाळातील रक्तशर्करानियमन : मधुमेही स्त्रीच्या प्रसूतिवेदना सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत व त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत तिच्या रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण (रक्तशर्करा) विशिष्ट मर्यादेत ठेवण्यासाठी जी उपाययोजना करतात, तिला ही संज्ञा लावतात. हा काळ बहुधा एका दिवसाहून अधिक नसतो. तथापि माता व अर्भक या दोघांचेही जीवित त्यात गुंतलेले असल्याने मधुमेहचिकित्सेच्या इतिहासात त्याला वेगळे स्थान आहे. या इतिहासात वैद्यकासमोर क्रमाने तीन प्रश्न उभे राहिले. माता प्रसूतीतून वाचेल काय, हा पहिला. गर्भ जिवंत जन्मेल काय, हा दुसरा. आणि जिवंत जन्मलेले अर्भक पहिला दिवस सुखरूप पार पाडील काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर १९२२ नंतर थोड्याच वर्षांत मिळाले. दुसऱ्यासाठी सुमारे अर्धे शतक लागले. तिसऱ्याचे उत्तर केवळ प्रसूतीच्या तासांत शोधून सापडत नाही, हे त्यानंतरच स्पष्ट झाले.

शरीरक्रियाविज्ञानीय पार्श्वभूमी : आईच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून (अपरेतून) सहज गर्भाकडे जाते, इन्शुलिन मात्र जवळजवळ जात नाही. त्यामुळे आईची रक्तशर्करा वाढली की गर्भाचीही वाढते आणि ती हाताळण्याचे काम गर्भाच्या स्वतःच्या अग्निपिंडाला करावे लागते. हे काम महिनोन्‌महिने करावे लागल्यास अग्निपिंडातील इन्शुलिन स्रवणारी द्वीपके आकाराने वाढतात, गर्भाच्या अंगी चरबी साठते आणि तो अतिपुष्ट होतो. अशा गर्भाचे खांदे प्रसूतीच्या वेळी अडकण्याचा धोका असतो. नाळ कापल्यावर ग्लुकोजाचा पुरवठा एकाएकी थांबतो, पण अर्भकाच्या रक्तातील जादा इन्शुलिन व ते स्रवण्याची अग्निपिंडाची सवय लगेच नाहीशी होत नाही. परिणामी जन्मानंतर एक-दोन तासांतच अर्भकाची रक्तशर्करा धोक्याच्या पातळीखाली घसरू शकते. ही न्यूनता तीव्र व दीर्घकाळ टिकणारी असेल, तर आचके येतात व मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मातेच्या शरीरातही या काळात विलक्षण उलथापालथ होते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांमुळे इन्शुलिनाचा प्रभाव कमी होत जातो व इन्शुलिनाची गरज वाढते. कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचे स्नायू दीर्घ श्रमाला लागतात. श्रम करणारा स्नायू इन्शुलिनाच्या फारशा साहाय्यावाचून ग्लुकोज वापरू शकत असल्याने गरज घटते. वेदना व भीती यांमुळे वाढणारी ॲड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल ही हॉर्मोने उलट दिशेने काम करतात. यातच स्त्रीने काही खाल्लेले नसते, तिला उलट्या होत असतात आणि प्रसूती केव्हा संपेल हे आधी सांगता येत नाही. वार पडताच तिची हॉर्मोनेही रक्तातून झपाट्याने नाहीशी होतात व इन्शुलिनाची गरज काही तासांतच कित्येकदा निम्म्याहून कमी होते. अशा प्रकारे गरज सतत बदलत असताना इन्शुलिन कमी पडले तर मातेला कीटोनजन्य अम्लरक्तता होण्याचा व गर्भ गुदमरण्याचा धोका असतो. जास्त झाले तर ग्लुकोजाच्या न्यूनतेमुळे माताच बेशुद्ध पडण्याचे भय असते.

इन्शुलिनपूर्व काळ : मधुमेह हा रोग प्राचीन वैद्यांना ठाऊक होता. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाच्या प्रकारांत त्याचे वर्णन आढळते. तथापि गर्भारपण व मधुमेह यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात यूरोपात सुरू झाला. हाइन्रिख बेनेव्हिट्झ यांनी १८२४ मध्ये बर्लिन येथे लॅटिन भाषेत सादर केलेला प्रबंध हा या विषयावरील आद्य लेखनांपैकी एक समजला जातो. पाचव्या गर्भारपणात असलेल्या २२ वर्षांच्या एका स्त्रीला अनिवार तहान लागत असे व तिच्या मूत्रात साखर आढळली. १८२३ च्या अखेरीस तिची प्रसूती झाली, तेव्हा सुमारे १२ पौंड वजनाचे मूल प्रसूतीतच दगावले. नंतर मातेच्या मूत्रातील साखर नाहीशी झाली. अतिपुष्ट गर्भ, प्रसूतीतील मृत्यू आणि प्रसूतीनंतर ओसरणारा मधुमेह ही तिन्ही लक्षणे या एकाच वृत्तांतात नमूद झालेली आहेत. मात्र त्यांचा परस्परसंबंध उलगडण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मूत्रातील साखर हे लक्षण फसवे ठरू शकते, याचा प्रत्यय लवकरच आला. फ्रेंच प्रसूतितज्ञ इपोलीत ब्लो यांनी १८५६ मध्ये निरोगी गर्भवती व स्तनदा स्त्रियांच्या मूत्रातही साखर आढळते असे दाखविले. त्यावर बराच वाद झाला. प्रसूत स्त्रियांच्या मूत्रातील ही साखर दुग्धशर्करा (लॅक्टोज) असते, हे फ्रांट्स होफमाइस्टर यांनी १८७७ मध्ये सिद्ध केले. शिवाय गर्भारपणात मूत्रपिंडाची साखर अडविण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे रक्तशर्करा प्राकृत असतानाही मूत्रात ग्लुकोज उतरू शकते. अमेरिकेतील जे. व्हिट्रिज विल्यम्स यांनी १९०९ मध्ये या शर्करामेहाच्या निरनिराळ्या प्रकारांचे वैद्यकीय महत्त्व विशद केले.

स्कॉटिश प्रसूतितज्ञ जेम्स मॅथ्यूज डंकन (१८२६–९०) यांनी १८८२ मध्ये लंडन येथील प्रसूतिविद्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात मधुमेही स्त्रियांच्या २२ गर्भारपणांचा आढावा घेतला होता. मधुमेह गर्भारपणातच उद्‌भवू शकतो, प्रसूतीनंतर नाहीसा होऊ शकतो व पुढच्या खेपेस पुन्हा येऊ शकतो. तसेच आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीलाही गर्भधारणा होऊ शकते, पण गर्भ दगावण्याची शक्यता फार मोठी असते, हे त्यांचे निष्कर्ष आजही ग्राह्य आहेत. एकंदरीत त्या काळी मधुमेही स्त्रीला गर्भ राहणे ही विरळा घटना होती. ज्यांना तो राही त्यांच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक माता गर्भारपणात, प्रसूतीत अथवा त्यानंतर थोड्याच काळात मधुमेहजन्य बेशुद्धीने मरण पावत आणि जवळजवळ निम्मे गर्भ दगावत. उपासमारीसारखा आहार हाच काय तो उपाय वैद्यांच्या हाती होता. प्रसूतीच्या तासांत रक्तशर्करेचे नियमन करण्याचे कोणतेही साधन नव्हते, तसे ती वेळेवर मोजण्याचेही नव्हते.

इन्शुलिनाचा शोध व मातेचे रक्षण : फ्रेडरिक बँटिंग (१८९१–१९४१) आणि चार्ल्स बेस्ट (१८९९–१९७८) यांनी जे. जे. आर. मॅक्‌लाउड यांच्या टोराँटो येथील प्रयोगशाळेत १९२१ मध्ये अग्निपिंडातून इन्शुलिन वेगळे केले. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला देण्यात आले [⟶ इन्शुलिन]. यानंतर मधुमेही मुली तारुण्यात येऊ लागल्या, त्यांना गर्भधारणा होऊ लागली आणि मातांचा मृत्यू ही थोड्याच वर्षांत अपवादात्मक गोष्ट बनली. गर्भमृत्यूंचे प्रमाण मात्र तितक्या वेगाने उतरले नाही. १९४० च्या सुमारासही अनेक रुग्णालयांत अशा दर तीन-चार गर्भांपैकी एक मृत जन्मे किंवा जन्मानंतर लवकरच दगावे. त्यातले कित्येक मृत्यू गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत, कोणतीही पूर्वसूचना न देता घडत.

या प्रश्नाला आयुष्य वाहिलेल्यांत प्रिसिला व्हाइट (१९००–८९) यांचे नाव अग्रभागी आहे. बॉस्टन येथील एलियट जॉस्लिन (१८६९–१९६२) यांच्या चिकित्सालयात त्या १९२४ मध्ये दाखल झाल्या व पुढील पन्नास वर्षे तेथे मधुमेही गर्भवतींवर उपचार करीत राहिल्या. मधुमेह किती वयात सुरू झाला, किती वर्षे टिकला आणि त्याने रक्तवाहिन्यांवर काय परिणाम केले, यांवरून गर्भवतींचे वर्ग पाडण्याची त्यांची पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली व जगभर रूढ झाली. रुग्ण कोणत्या वर्गात मोडते यावर प्रसूती केव्हा करावयाची हे ठरविता येई. लंडन येथील किंग्ज कॉलेज रुग्णालयात स्वतः मधुमेही असलेले रेजिनल्ड लॉरेन्स (१८९२–१९६८) व विल्फ्रेड ओक्ली यांनी प्रसूतितज्ञ जॉन पील यांच्या सहकार्याने असेच कार्य केले. मधुमेहतज्ञ, प्रसूतितज्ञ व बालरोगतज्ञ यांनी एकत्र येऊन एकाच रुग्णाची जबाबदारी उचलावी, ही या केंद्रांची सर्वांत टिकाऊ देणगी होय.

याच काळात एक भ्रामक मार्गही चोखाळला गेला. गर्भमृत्यूचे कारण हॉर्मोनांचे असंतुलन असावे, या समजुतीने मधुमेही गर्भवतींना स्टिल्बेस्ट्रॉल व प्रोजेस्टेरोन देण्यात येऊ लागले. व्हाइट यांनीही या उपचाराचा पुरस्कार केला होता. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक परीक्षणात त्याचा काही उपयोग आढळला नाही. गर्भावस्थेत स्टिल्बेस्ट्रॉलाचा संपर्क झालेल्या मुलींना तारुण्यात योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होतो, हे १९७१ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. मधुमेही मातांची मुले वाचू लागली होती ती प्रामुख्याने रक्तशर्करेवरील दक्ष नियंत्रणामुळे व प्रसूतीची वेळ नेमकी निवडल्यामुळे. हॉर्मोनांचा त्यात वाटा नव्हता.

प्रत्यक्ष प्रसूतीतील उपचार या काळात ढोबळ होते. दर काही तासांनी मूत्र तपासावे, त्यातील साखरेच्या मानाने त्वचेखाली इन्शुलिन टोचावे आणि नीलेवाटे ग्लुकोजाचा विद्राव चालू ठेवावा, असा सामान्य प्रघात होता. बेनेडिक्ट यांच्या विक्रियाकारकाने दुग्धशर्करेचीही प्रतिक्रिया येत असल्याने मूत्रपरीक्षा प्रसूतिकाळात विशेष अविश्वसनीय ठरे. १९३६ नंतर प्रोटामीन व जस्त यांच्या योगाने दीर्घकाळ परिणाम करणारी इन्शुलिने प्रचारात आली. रोजच्या जीवनात ती सोयीची होती, परंतु प्रसूतीच्या दिवशी त्यांच्यामुळेच अडचण निर्माण होई. सकाळी टोचलेल्या इन्शुलिनाचा प्रभाव रात्री वार पडल्यानंतरही चालू राही आणि गरज एकाएकी घटलेल्या मातेची रक्तशर्करा नको तितकी उतरे. एकदा टोचलेले इन्शुलिन परत काढून घेता येत नाही, हा या पद्धतीचा मूलभूत दोष होता.

अर्भकाकडे वळलेले लक्ष : मधुमेही मातेच्या अर्भकातील द्वीपके अवाढव्य असतात, असे निरीक्षण फ्रान्समध्ये द्यूब्रय व आंदेरोद्या यांनी १९२० मध्येच नोंदविले होते. त्याचा अर्थ लावण्याचे श्रेय कोपनहेगन येथील यॉर्गेन पीडर्सन यांना दिले जाते. १९५२ मध्ये नवजात अर्भकांच्या रक्तशर्करेवर सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी पुढील उपपत्ती मांडली : मातेची अतिशर्करा गर्भात अतिशर्करा निर्माण करते, गर्भाची अतिशर्करा त्याच्या अग्निपिंडाला जादा इन्शुलिन स्रवावयास लावते आणि या जादा इन्शुलिनामुळेच अर्भक अतिपुष्ट होते व जन्मानंतर त्याची रक्तशर्करा घसरते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या उपपत्तीचा विस्तार आढळतो. बेनेव्हिट्झ यांनी नोंदविलेल्या १२ पौंडांच्या मुलाचे कोडे अशा रीतीने उलगडले. एडिंबरो येथील जेम्स फार्कर यांनी १९५९ मध्ये मधुमेही मातांच्या अर्भकांचे स्वरूप व त्यांना होणारे विकार यांचे सविस्तर वर्णन केले. गोलमटोल, लालसर व वरवर धष्टपुष्ट दिसणारी ही अर्भके प्रत्यक्षात अतिशय नाजूक असतात, हे त्यामुळे प्रसूतिगृहातील कर्मचाऱ्यांच्या ध्यानी आले.

पीडर्सन यांच्या उपपत्तीला संख्यात्मक आधार स्वीडनमधील गथनबर्ग येथून मिळाला. कार्ल्सन व कीलमर यांनी १९७२ मध्ये १६७ गर्भारपणांची पाहणी प्रसिद्ध केली. गर्भारपणाच्या अखेरच्या काळात मातेची सरासरी रक्तशर्करा १०० मिलि. रक्तात १५० मिग्रॅ.पेक्षा जास्त असलेल्या गटात गर्भ व नवजात मिळून मृत्यूंचे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. १०० ते १५० मिग्रॅ. असलेल्या गटात ते सुमारे १५ टक्के, तर १०० मिग्रॅ.पेक्षा कमी असलेल्या गटात ४ टक्क्यांच्या आत होते. यानंतर मधुमेही गर्भवतीची रक्तशर्करा शक्य तितकी प्राकृत पातळीजवळ ठेवणे, हे सर्वमान्य ध्येय बनले.

मापनपद्धतींतील प्रगती : असे ध्येय गाठावयाचे तर रक्तशर्करा वारंवार व त्वरित मोजता येणे आवश्यक होते. १९२० च्या सुमारास प्रचारात आलेल्या रासायनिक पद्धतींना प्रयोगशाळा, कुशल तंत्रज्ञ व बराच वेळ लागे. अहवाल हाती येईपर्यंत प्रसूतीची अवस्था पालटलेली असे. ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमावर आधारलेल्या पट्ट्यांमुळे १९५० नंतर मूत्रातील ग्लुकोज इतर शर्करांपासून वेगळे ओळखता येऊ लागले. १९६० नंतरच्या दशकात बोटातील रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या निघाल्या व १९७० च्या सुमारास तो रंग यंत्राने वाचण्याची सोय झाली. रुग्णाच्या उशाशीच, काही मिनिटांत रक्तशर्करा कळू लागल्याने प्रसूतिगृहात दर तासाला निर्णय घेणे प्रथमच शक्य झाले. रुग्णाने घरीच रक्त तपासण्याची पद्धतही १९७८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पुढे आली आणि तिचा गर्भवतींना मोठा लाभ झाला.

नीलेवाटे सतत इन्शुलिन : नीलेत सोडलेल्या इन्शुलिनाचे रक्तातील प्रमाण अवघ्या काही मिनिटांत निम्म्यावर येते. हा गुण एरवी गैरसोयीचा वाटला, तरी प्रसूतिकाळात तोच उपयुक्त ठरला. कारण पुरवठा थांबविला की परिणामही लवकर थांबतो. १९७३-७४ मध्ये ब्रिटिश वैद्यांनी मधुमेहजन्य अम्लरक्ततेत पूर्वीच्या प्रचंड मात्रांऐवजी अल्प मात्रेत सतत दिलेले इन्शुलिन पुरेसे होते, असे दाखवून दिले होते. लंडन येथील सेंट टॉमस रुग्णालयातील वेस्ट व क्लारा लोवी यांनी हेच तत्त्व प्रसूतीला लावले. ग्लुकोजाचा विद्राव व अल्प मात्रेतील इन्शुलिन ही दोन्ही एकाच वेळी नीलेवाटे देऊन प्रसूतिकाळात रक्तशर्करा स्थिर ठेवता येते, हा त्यांचा निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पद्धतीत ताशी एक-दोन एककांइतके इन्शुलिन बहुतेकींना पुरते. वार पडताच इन्शुलिनाचा वेग निम्म्यावर आणावयाचा किंवा ते बंद करावयाचे, हा नियम त्यासोबतच रूढ झाला. पद्धत सोपी व स्वस्त असल्याने ती थोड्याच काळात सर्वत्र पसरली.

याच सुमारास रक्तशर्करा सतत मोजून त्यानुसार इन्शुलिन व ग्लुकोज आपोआप सोडणारे, ‘कृत्रिम अग्निपिंड’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र तयार झाले होते. नॅट्रस, ॲल्बर्टी व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये अशा स्वयंनियंत्रित व्यवस्थेचा प्रसूतीत वापर केला. न्यूयॉर्क येथील लोइस योव्हानोविच व चार्ल्स पीटरसन यांनी याच प्रकारच्या यंत्राच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष (१९८३) अनपेक्षित होता. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत, म्हणजे गर्भाशयमुख उघडत असताना, इन्शुलिनावलंबी स्त्रियांची इन्शुलिनाची गरज जवळजवळ शून्यावर आली. उलट रक्तशर्करा ७० ते ९० मिग्रॅ. राखण्यासाठी दर किग्रॅ. वजनामागे मिनिटाला सुमारे २·५ मिग्रॅ. ग्लुकोज सतत द्यावे लागले. दीर्घ पल्ल्याच्या व्यायामाशी याची तुलना होऊ शकते. हे यंत्र अवजड व खर्चिक असल्याने नित्याच्या वापरात आले नाही. पण कळा देणाऱ्या स्त्रीला इन्शुलिनाइतकीच अन्नाचीही गरज असते, हे त्याने मोजमापाने दाखवून दिले.

नीलेवाटे ग्लुकोज भराभर देण्याचा धोकाही याच दशकात उमगला. शस्त्रक्रियेने प्रसूती करण्यापूर्वी भूल देताना रक्तदाब उतरू नये, म्हणून अल्पावधीत मोठ्या प्रमाणावर ग्लुकोजाचा विद्राव देण्याची प्रथा होती. मधुमेह नसलेल्या मातांच्या बाबतीतही त्यामुळे गर्भाची रक्तशर्करा व इन्शुलिन वाढून जन्मानंतर न्यूनता येते, असे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तेव्हापासून द्रव भरून काढण्यासाठी लवणविद्राव व पोषणासाठी मोजून दिलेले ग्लुकोज असा भेद कटाक्षाने पाळण्यात येऊ लागला.

प्रसूतीची वेळ : रक्तशर्करेवर पुरेसे नियंत्रण नव्हते तोवर अखेरच्या आठवड्यांतील गर्भमृत्यू टाळण्यासाठी ३६ किंवा ३७ व्या आठवड्यातच, बहुधा शस्त्रक्रियेने, प्रसूती उरकण्यात येई. अपक्व फुप्फुसांमुळे होणाऱ्या श्वसनविकाराने अनेक अर्भके दगावत. म्हणजे एक मृत्यू टाळताना दुसऱ्याला वाट मिळे. १९७१ मध्ये लुई ग्लक यांनी उल्बद्रवाच्या परीक्षेवरून फुप्फुसांची पक्वता अजमावण्याची पद्धत दिली. डब्लिन येथील आयव्हो ड्रुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तशर्करा नीट ताब्यात असल्यास नैसर्गिक कळांची वाट पाहता येते, असे प्रतिपादन केले. पूर्ण दिवस भरल्यावर योनिमार्गे प्रसूती होण्याचे प्रमाण वाढले, तसे प्रसूतीतील दीर्घ तासांच्या शर्करानियमनाचे महत्त्वही वाढले.

भारतातील स्थिती : भारतीय स्त्रियांत गर्भारपणी उद्‌भवणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे, याकडे चेन्नई येथील व्ही. शेषय्या यांनी सातत्याने लक्ष वेधले. गर्भवतीने आधी केव्हा खाल्ले याचा विचार न करता ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाजून दोन तासांनी एकदाच रक्त तपासावे व १४० मिग्रॅ. किंवा अधिक शर्करा आढळल्यास मधुमेह समजावा, अशी सोपी परीक्षा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरस्कारिली. दूरच्या गावाहून उपाशीपोटी येणे ज्यांना शक्य नसते, अशा स्त्रियांची सोय तीत पाहिलेली आहे. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये काढलेल्या व २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत तिचा स्वीकार झाला. इन्शुलिन घेणाऱ्या स्त्रीला प्रसूतीच्या दिवशी सकाळची मात्रा देऊ नये, दर दोन तासांनी रक्तशर्करा मोजावी आणि लवणविद्रावातून आवश्यक तेवढेच इन्शुलिन द्यावे, अशीही तरतूद त्या सूचनांत आहे. सतत चालणारा पंप नसलेल्या ठिकाणीही पाळता येईल, असे हे पाश्चात्त्य पद्धतीचे सुलभ रूप होय.

पुणे येथील के.ई.एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनामुळे अर्भकाच्या वजनाविषयीच्या रूढ कल्पनेत महत्त्वाची भर पडली. पुणे परिसरात जन्मलेली अर्भके इंग्लंडमधील अर्भकांच्या तुलनेने वजनाने बरीच लहान असली, तरी त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून असते व नाळेच्या रक्तातील इन्शुलिनही जास्त आढळते, असे त्यांनी २००२-०३ मध्ये दाखविले. म्हणून भारतीय अर्भक दिसावयास मोठे नाही एवढ्यावरून त्याला जादा शर्करेची झळ लागली नसेल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ध्येयाचा पुनर्विचार : मधुमेही स्त्रीच्या गर्भारपणाची फलश्रुती निरोगी स्त्रीच्या बरोबरीला आणावी, असे उद्दिष्ट यूरोपीय देशांनी १९८९ मध्ये इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथील घोषणेत ठरविले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसूतिकाळात रक्तशर्करा सुमारे ७० ते ११० मिग्रॅ. (अमेरिका) किंवा ७२ ते १२६ मिग्रॅ. (ब्रिटन) राखावी व दर तासाला मोजावी, अशी शिफारस दृढ होत गेली. या कडक मर्यादांमागे प्रसूतीच्या काळात शर्करा ताब्यात राहिली की अर्भकाची न्यूनता टळेल, ही अपेक्षा होती.

ही अपेक्षा पुढील पाहण्यांत पुरती खरी ठरली नाही. २३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत (२००८) मातेची शर्करा व अर्भकाचे वजन, तसेच त्याच्या इन्शुलिनाचे प्रमाण यांचा संबंध सलग असून त्याला निश्चित अशी कोणतीही सुरक्षित सीमारेषा नाही, असे आढळले. ही शर्करा गर्भारपणाच्या मध्यावर व उत्तरार्धात मोजलेली होती. म्हणजे अर्भकाच्या अग्निपिंडाची घडण कळा येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. उपलब्ध अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला असता प्रसूतिकाळातील शर्करा व अर्भकातील न्यूनता यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला, तर काहींत दिसला नाही. गर्भारपणी मधुमेह झालेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या लहानशा तुलनात्मक प्रयोगात (२०१९) कडक नियंत्रणाने अर्भकाची जन्मानंतरची पहिली रक्तशर्करा सुधारली नाही. कडक मर्यादेत मातेला न्यूनता येण्याचा धोका मात्र वाढतो व परिचारिकांचा बराचसा वेळ सुई व पंप यांत जातो. या विचाराने ब्रिटनमधील मधुमेह संघटनांच्या संयुक्त समितीने २०२२ मध्ये ९० ते १४४ मिग्रॅ. अशी शिथिल मर्यादाही ग्राह्य मानली.

दुसरीकडे संपूर्ण गर्भारपणातील नियंत्रणाचे मोल अधिकाधिक स्पष्ट होत गेले. त्वचेखाली बसविलेल्या संवेदकाने रक्तशर्करेचा सतत मागोवा घेतल्यास अर्भकातील न्यूनता कमी होते, असे २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात दिसून आले. संवेदक व इन्शुलिन पंप यांना जोडणारी, खिशात मावणारी स्वयंनियंत्रित यंत्रणा गर्भारपणात उपयुक्त असल्याचे ब्रिटनमधील प्रयोगाने २०२३ मध्ये सिद्ध केले. १९७८ मध्ये खाटेशेजारी उभे करावे लागणारे अवजड यंत्र अशा रीतीने काही तासांऐवजी सबंध गर्भारपण सोबत राहू शकेल इतके आटोपशीर झाले.

समारोप : दोन शतकांच्या या इतिहासात प्रसूतिकाळातील उपचाराचे स्वरूप पालटत गेले. प्रारंभी वैद्य हतबल प्रेक्षक होता. इन्शुलिनाने त्याला माता वाचविता आली. रक्ताच्या थेंबाची परीक्षा व नीलेवाटे सतत दिलेले इन्शुलिन यांनी त्याला प्रत्येक तासावर ताबा मिळवून दिला. या ताब्याची मर्यादा त्याला सर्वांत शेवटी कळली. मातेला अम्लरक्तता होऊ न देणे, तिची शर्करा धोकादायक रीत्या उतरू न देणे, वार पडताच इन्शुलिन कमी करणे, अर्भकाला जन्मानंतर लवकरात लवकर स्तनपान देणे व त्याचे रक्त वेळच्या वेळी तपासणे, ही प्रसूतिगृहातील कर्तव्ये निर्विवाद आहेत व त्यांतील हयगय आजही प्राणावर बेतू शकते. परंतु नऊ महिन्यांत गर्भाच्या अग्निपिंडाने जे आत्मसात केलेले असते, ते कळांच्या बारा तासांत पुसून टाकता येत नाही. त्यामुळे ज्या प्रदेशात स्त्रीची पहिली रक्तपरीक्षाच प्रसूतीसाठी दाखल झाल्यावर होते, तेथे उत्तम पंप व कडक मर्यादा यांनीही फार थोडे साधते. गर्भारपणाच्या आरंभी गावच्या आरोग्य केंद्रात झालेली एक साधी तपासणी तेथे अधिक मोलाची ठरते.